प्रेशर आलं का? लघवीच्या पिशवीच्या तपासणीला पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

कल्याणहून सकाळची फास्ट पकडून एक काका आमच्या सेंटरवर येणार होते. वेळ साडेनऊची. ‘पोटभर पाणी पिऊन जा,’ असं कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून घरूनच लिटरभर पाणी पिऊन निघाले. कुर्ल्याच्या अलीकडे गाडी वीस मिनिटं उभी राहिली. दादरला उतरल्या उतरल्या काका प्लॅटफॉर्मवरच्या मुतारीकडे धावले. आमच्याकडे पोचले तेव्हा पिशवी रिकामी, चेहरा ओशाळलेला, आणि काउंटरवरची मुलगी विचारतेय, “काका, प्रेशर आलं का?” मग पुन्हा पाच ग्लास पाणी आणि पुन्हा दीड तास बाकावर.

मी रेडिओग्राफर आहे. एक्स-रे आणि सीटीची मशीन चालवते. सोनोग्राफी आपल्याकडे डॉक्टरच करतात, पण तिच्यासाठी ताटकळणारी माणसं माझ्याच दाराबाहेर बसतात, आणि तीच सगळी मला विचारतात. त्या प्रश्नांची उत्तरं इथे एका जागी लिहितेय. इतर बऱ्याच तपासण्यांत पेशंटने नुसतं पडून राहायचं असतं. इथे मात्र तुम्ही किती प्यायलात, कधी प्यायलात आणि आत जाताना पिशवी किती भरली होती यावर निम्मा रिपोर्ट ठरतो.

आधी चिठ्ठी नीट वाचा

चिठ्ठीवर बहुतेक वेळा ‘यूएसजी केयूबी’ असं खरडलेलं असतं. यूएसजी म्हणजे सोनोग्राफी. केयूबी म्हणजे दोन्ही किडन्या, तिथून खाली उतरणाऱ्या बारीक नळ्या आणि लघवीची पिशवी. पुढे ‘पीव्हीआर’ असेल तर लघवी करून आल्यावर पिशवीत किती शिल्लक राहते तेही मोजायचं आहे. पन्नाशीपुढच्या पुरुषांच्या चिठ्ठीत ‘प्रोस्टेट’ही असतं, म्हणजे पिशवीच्या तोंडाशी असणारी पुरुषांमधली ग्रंथी. सोनोग्राफीचा नंबर लावताना चिठ्ठीचा फोटो सेंटरला पाठवा आणि पीव्हीआर त्याच पैशांत धरलं आहे का, ते तेव्हाच विचारून घ्या. नंतर काउंटरवर वाद घालण्यात सकाळ जाते.

‘अब्डोमेन अँड पेल्व्हिस’ लिहिलं असेल तर पूर्ण पोट बघायचं असतं. मग पित्ताशय फुगलेलं दिसावं म्हणून साधारण सहा तास उपाशी राहावं लागतं, साधं पाणी चालतं. नुसत्या केयूबीला उपास लागत नाही. तरीही सकाळपासून चहाचा घोट न घेता, साखर उतरून घाम फुटलेले मधुमेही पेशंट बाकावर बसलेले दिसतातच. इन्सुलिन घेत असाल तर नंबर सकाळचा पहिला मागा, आणि त्या सकाळच्या डोसचं काय करायचं ते आपल्या डॉक्टरांना आदल्या दिवशी विचारा.

आणखी एक काम डॉक्टरांच्या केबिनमध्येच उरकून घ्या. तक्रार काय आहे ते चिठ्ठीवर लिहून मागा. ‘लघवीला जोर करावा लागतो’, ‘रक्त गेलं’, ‘खडा असावा’, एवढा एक शब्दही पुरतो. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांसमोर दिवसभरात चाळीस पोटं येतात. कुठे जास्त वेळ थांबून बघायचं हे त्यांना त्या शब्दावरून कळतं.

लघवी पूर्ण बंद झाली असेल, ओटीपोट टणक होऊन जीव कासावीस होत असेल, किंवा खड्याच्या दुखण्याबरोबर थंडी वाजून ताप आला असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. अशा वेळी सोनोग्राफीचा नंबर लावत बसू नये. रक्ताच्या गुठळ्या पडत असतील तरीही हेच.

पाणी

सोनोग्राफीत मशीनमधून आवाजाच्या लहरी पोटात जातात आणि परत येतात. आपल्या कानाला ऐकू न येणाऱ्या लहरी. पाण्यातून त्या सरळ पार होतात, हवेला मात्र अडतात. पिशवीच्या वर आणि मागे आतड्यांची वेटोळी असतात, आणि आतड्यात गॅस असतोच. पिशवी भरली की ती वेटोळी वर सरकतात आणि पिशवी स्वतःच एक खिडकी होते. तिच्यातून प्रोस्टेट, गर्भाशय, किडनीकडून येणाऱ्या नळ्यांचं शेवटचं टोक, सगळं दिसतं. नळी पिशवीला मिळते त्या सांध्यावर अडकलेला खडा तर बहुतेक वेळा या खिडकीतूनच सापडतो.

भरलेल्या पिशवीचं दुसरंही कारण आहे. रिकाम्या पिशवीची भिंत घड्या पडून जाड दिसते, फुगा सोडल्यावर रबर जाड होतं तशी. भरलेल्या पिशवीची भिंत साधारण ३ मिलिमीटरपर्यंत, रिकामी असताना ५ पर्यंत धरतात. अर्धवट भरलेली पिशवी बघून ‘भिंत जाड’ असं लिहिलं गेलं, तर तुम्ही नसत्या काळजीत पडता. घड्यांमध्ये बारीकसं काही लपलं तर ते सुटूनही जातं.

आता किती प्यायचं? मोठ्या माणसाला साधारण चार-पाच ग्लास, म्हणजे लिटरभर, तपासणीच्या तासभर आधी पुरतं. पण हा तास सेंटरच्या दारात पोचल्यावर मोजायचा. मुंबईत तरी घरून पिऊन निघू नका. लोकलच्या डब्यात संडास नसतो, आणि पश्चिम द्रुतगती महामार्गावर टॅक्सी अंधेरीला अडकली तर कुठे उतरणार? बाटली घेऊन निघा, सेंटरवर नाव नोंदवा, पुढे किती जण आहेत ते विचारा आणि मग हळूहळू प्या. पुढे सहा जण असतील तर लगेच घटाघट पिण्यात अर्थ नाही.

साधं पाणीच प्या. सोडा आणि थंड पेयांनी पोटात गॅस होतो, तोच आपला शत्रू.

बायकांना वेगळं सांगावं लागतं. या शहरात बाहेर पडायचं म्हटलं की बाई आदल्या रात्रीपासून पाणी कमी करते, कारण दिवसभरात स्वच्छ जागा मिळेल याची खात्री नसते. २०११ मध्ये ‘राइट टू पी’ची, म्हणजे लघवीला जाण्याच्या हक्काची, मोहीम मुंबईत उभी राहिली ती याच दुखण्यातून. अशा कोरड्या शरीराने सेंटरवर आलात तर पहिले दोन ग्लास शरीरच पिऊन टाकतं, आणि पिशवी भरायला तासाऐवजी दोन तास लागतात. तपासणीच्या दिवशी तरी सकाळपासून थोडंथोडं पीत राहा.

किडनी किंवा हृदयाच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं असेल तर ते मोडू नका. सेंटरला तसं सांगा, म्हणजे पिशवी जमेल तेवढी भरेपर्यंत ते थांबतील. लघवीसाठी कॅथेटरची नळी घातलेली असेल तर पोटातली पिशवी भरण्यासाठी ती काही वेळ बंद करावी लागते. ते काम सिस्टर किंवा डॉक्टरच करतील, घरी चिमटा लावून बसू नका.

आणि फार तुंबेपर्यंतही थांबू नका. प्रेशर नीट आलं, पण अजून दहा मिनिटं बसवेल, ही बरोबर वेळ. पाय आवळून बसायची वेळ आली असेल तर सरळ काउंटरवर जाऊन सांगा, लाजू नका. रांग मोडून आत घेतात. त्यासाठीच विचारत असतात, “प्रेशर आलं का?”

आत गेल्यावर

शर्ट वर, पँट किंवा साडी कमरेखाली थोडी सैल, पाठीवर झोपायचं. गार जेल लावतात. जेलचं काम एवढंच, की प्रोब, म्हणजे पोटावर फिरवतात तो मशीनचा भाग, आणि कातडीच्या मध्ये हवा राहू नये. भरलेल्या पिशवीवर प्रोब दाबला की लघवीची कळ येते, पण दुखत नाही. सगळं दहा-पंधरा मिनिटांत आटोपतं. बायकांनी सोबत महिला कर्मचारी मागितली तर द्यायलाच हवी. योनिमार्गातून किंवा गुदमार्गातून प्रोब घालून करायची सोनोग्राफी वेगळी असते. तिची गरज का आहे ते आधी समजून घ्या, तुमची संमती लागते.

पडद्यावर काय चाललंय हे थोडंसं कळलं की भीती कमी होते. काळं म्हणजे पाणी, म्हणजे लघवी. पिशवी मोठ्या काळ्या टपोऱ्या डागासारखी दिसते. त्यात पांढरा ठिपका आणि त्याच्यामागे सरळ काळी सावली पडली तर तो खडा. मग डॉक्टर म्हणतात, “कुशीवर वळा.” हा वळायचा क्षण मला फार आवडतो. खडा असेल तर तो घरंगळत खालच्या बाजूला जातो. रक्ताची सुटी गुठळीही सरकते. भिंतीला चिकटलेली गाठ मात्र जागची हलत नाही, आणि कलर डॉपलर, म्हणजे वाहणारं काहीही रंगात दाखवणारी मशीनची सोय, लावला की तिच्यात रक्तप्रवाह दिसू शकतो. काही लाखांचं मशीन असलं तरी यातला अर्धा निर्णय पेशंटने कूस बदलल्यावर होतो.

डॉपलर लावलाच असेल तर आणखी एक बघण्यासारखं आहे. किडनीकडून आलेली लघवी पिशवीत सतत गळत नसते, पिचकारीसारखी सुटते. पडद्यावर पिशवीच्या तळाशी एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून लाल-केशरी फवारा उडतो. पाणी चांगलं प्यायलेल्या माणसात मिनिटाला कित्येक वेळा. एका बाजूचा फवारा बराच वेळ दिसलाच नाही तर त्या बाजूला अडथळा आहे का, हे बघावं लागतं.

मग मोजमाप. पिशवीची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेतात, गुणाकार करतात आणि ०.५२ ने गुणतात. समजा १० × ९ × ८. गुणाकार ७२०, त्याला ०.५२ लावलं की ३७४ मिलिलिटर. हा अंदाज आहे, मापट्याने मोजलेलं पाणी नव्हे. पिशवी वेडीवाकडी असेल तर तो चुकतो.

सोनोग्राफी केंद्रात शिरल्यावर ‘येथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही’ ही पाटी दिसतेच. महाराष्ट्राने १९८८ मध्ये, देशाच्या आधी, असा कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. गरोदर बाईचा फॉर्म भरून घेतात तो त्याच कायद्याखाली. सत्तरीच्या आजोबांना याचा काय त्रास, असं वाटेल. पण अंथरुणाला खिळलेल्या आजोबांसाठी ‘मशीन घरी पाठवा’ म्हणून फोन येतात, आणि आम्हाला नाही म्हणावं लागतं. सोनोग्राफीचं मशीन नोंदलेल्या जागेबाहेर असं घरोघर नेता येत नाही. घरी येऊन एक्स-रे काढून देणारे मुंबईत मिळतात, सोनोग्राफीसाठी मात्र ॲम्ब्युलन्स करून आणावंच लागतं. लिफ्ट नसलेल्या इमारतीतल्या सेंटरचा नंबर लावण्याआधी हा विचार करा.

दुसरा फोटो

पिशवी भरलेली असताना काढलेला पहिला फोटो. लघवी करून आल्यावर काढलेला दुसरा. ज्यांना धार बारीक येते, जोर करावा लागतो, रात्री चार-चार वेळा उठावं लागतं, त्यांच्यासाठी हा दुसराच महत्त्वाचा, आणि घाईत सगळ्यात जास्त बिघडतो तोही हाच.

आमच्या अण्णांचं सांगते. मी तेव्हा गावी होते, भाऊ त्यांना एका सेंटरवर घेऊन गेला. नाव नोंदवल्यावर लगेच पाणी पाजलं आणि तीन तास बसवलं. अण्णा जुन्या वळणाचे, मध्ये उठून ‘मला आता होत नाही’ असं सांगणार नाहीत. आत घेतलं तेव्हा पिशवी सहाशेच्या वर गेली होती. मग बाहेरच्या एकुलत्या संडासात पाठवलं. दाराबाहेर तीन माणसं उभी, कडी नीट लागत नाही. अण्णांनी जेमतेम थोडी केली आणि परत आले. रिपोर्टमध्ये लिहिलं, शिल्लक २१० मिलिलिटर. घरात सगळ्यांचे चेहरे पडले, ऑपरेशनची भाषा सुरू झाली. युरोलॉजिस्टने, म्हणजे लघवीच्या आजारांच्या डॉक्टरने, रिपोर्ट बघून पहिला प्रश्न विचारला, “किती वेळ थांबवलं होतं?” पंधरा दिवसांनी पुन्हा केलं. या वेळी पिशवी साडेतीनशे भरली होती आणि संडास मोकळा होता. शिल्लक ७०.

फार ताणलेला स्नायू नीट आवळत नाही, म्हणून अतिशय तुंबल्यावर मोजलेली शिल्लक खोटी फुगते. घाई, लाज, उभ्याने करायची सवय असताना बसून करावी लागणं, या सगळ्यानेही फुगते. त्यामुळे दुसऱ्या फोटोआधी सावकाश करा, जोर न लावता. झाल्यासारखं वाटलं की मिनिटभर थांबून पुन्हा एकदा प्रयत्न केलात तर डॉक्टरांना तसं सांगा. मात्र परत आल्यावर वेळ घालवू नका. पाच-दहा मिनिटांत मोजलं पाहिजे, कारण लिटरभर पाणी प्यायलेल्या माणसाची पिशवी लगेच पुन्हा भरायला लागते. सोनोग्राफीवाले डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडे वळले असतील तर दारात उभे राहा. भिडस्तपणा इथे कामाचा नाही.

आकडे ढोबळ असे: ५० मिलिलिटरपर्यंत काळजी नाही. वय झालेल्यांत १००पर्यंतही चालवून घेतात. २००च्या वर सतत येत असेल तर कारण शोधावं लागतं. एकाच मोजणीवर मोठा निर्णय घ्यायचा असेल तर दुसऱ्यांदा मोजायला सांगणं हा तुमचा हक्क आहे.

याच भेटीत काही ठिकाणी यूरोफ्लोही करतात. फनेल बसवलेल्या भांड्यात लघवी करायची, मशीन धारेचा आलेख काढतं. हा काही फोटो नाही, पण सोनोग्राफीचा सख्खा भाऊ. निदान १५० मिलिलिटर तरी व्हायला हवी, नाहीतर आलेखाला अर्थ नाही. सेकंदाला १५ मिलिलिटरच्या वर वेग गेला तर सहसा बरं, १०च्या खाली राहिला तर पुढे अडथळा किंवा पिशवीचा अशक्तपणा.

रिपोर्ट हातात आल्यावर

रिपोर्ट इंग्रजीतच मिळतो आणि घरातला कॉलेजातला मुलगा तो गुगल करतो. तिथून पुढे त्या घरात कुणी झोपत नाही. म्हणून थोडे शब्द.

‘इंटरनल इकोज’ किंवा ‘डेब्री’ म्हणजे लघवीत काहीतरी तरंगतंय. बऱ्याचदा संसर्ग, लघवीच्या तपासणीने कळतं. ‘ट्रॅबेक्युलेशन’ म्हणजे पिशवी बरीच वर्षं जोर करत आलीय, भिंतीचे धागे व्यायाम करणाऱ्याच्या दंडासारखे उठून दिसतात. ‘डायव्हर्टिक्युलम’ म्हणजे भिंतीतून बाहेर आलेला खिसा. ‘वॉल थिकनिंग, सजेस्टिव्ह ऑफ सिस्टायटिस’, म्हणजे भिंत जाड, पिशवीला सूज असावी, हे वाचून घाबरू नका, आधी पिशवी किती भरली होती तो आकडा शोधा.

प्रोस्टेटचं वजन ग्रॅममध्ये लिहितात. तरुणपणी साधारण २० ग्रॅम. पण वजनावर त्रास ठरत नाही. ७० ग्रॅमचं प्रोस्टेट घेऊन मजेत फिरणारे आहेत आणि ३०चं घेऊन रात्रभर जागणारे आहेत. आकड्यापेक्षा प्रोस्टेट पिशवीत किती घुसलंय ते बघा. रिपोर्टमध्ये ‘आयपीपी’ म्हणून येतं. ५ मिलिमीटरच्या आत म्हणजे कमी, १०च्या वर म्हणजे झडपेसारखं तोंडावर बसायची शक्यता जास्त.

रक्त गेलं असेल तर

इथे जरा थांबून वाचा. लघवीतून लाल रक्त गेलं, दुखलं काहीच नाही, दोन दिवसांत आपोआप थांबलं, सोनोग्राफी केली आणि ती ‘नॉर्मल’ आली. अशा वेळी पुष्कळ घरांत विषय मिटतो. असं घरंगळत गेलेलं एखादं प्रकरण वर्षभराने माझ्या सीटीच्या टेबलावर येतं.

पिशवीच्या अस्तरावर सपाट पसरणारा कॅन्सरचा एक प्रकार सोनोग्राफीत दिसतच नाही. ५ मिलिमीटरच्या आतली गाठ सहज निसटते. पिशवीच्या पुढच्या भिंतीवरची आणि तिच्या मानेजवळची, म्हणजे लघवी बाहेर पडते त्या तोंडाजवळचीही. दुखत नाही ही तर आणखी काळजीची गोष्ट, कारण खडा आणि संसर्ग बहुधा दुखतात. तेव्हा पस्तिशी-चाळिशीपुढच्या माणसाच्या लघवीतून डोळ्यांना दिसणारं रक्त गेलं असेल, तर सोनोग्राफी नॉर्मल असली तरी युरोलॉजिस्टकडे जायचं आणि दुर्बिणीची तपासणी, म्हणजे सिस्टोस्कोपी, लागेल का ते विचारायचं. ती काही बाहेरून होणारी तपासणी नाही, लघवीच्या वाटेने बारीक दुर्बीण आत जाते. पण पिशवीच्या अस्तराबद्दल शेवटचा शब्द तिचाच.

डॉक्टरांना दोन गोष्टी न विचारता सांगा. बिडी-सिगारेट किती वर्षं ओढली, सोडली असली तरी. पिशवीच्या कॅन्सरचं सगळ्यात मोठं कारण तेच आहे. धुरातली रसायनं रक्तातून किडनीत गाळली जातात आणि पिशवीत तासन्‌तास भिंतीला लागून राहतात. दुसरं, रंग, रबर किंवा रसायनांच्या कारखान्यात कधी काम केलंय का. रंगांसाठी वापरल्या जाणाऱ्या काही अमाइन रसायनांचा पिशवीच्या कॅन्सरशी संबंध फार पूर्वी सिद्ध झाला आहे. आपल्याकडे चाळीस वर्षांपूर्वी डाइंगला, म्हणजे कापड रंगवायच्या कामाला होतो, हे आजोबा कुणी विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

माझ्या खोलीत: सीटी

मुतखड्यासाठी प्लेन सीटी केयूबी. सुई नाही, औषध नाही, पाच मिनिटांत आटपतं. साध्या एक्स-रेत कॅल्शियमचे खडे दिसतात, पण युरिक ॲसिडचा खडा दिसत नाही. सीटीत तोही दिसतो. किरणोत्सर्ग मात्र एक्स-रेपेक्षा बराच जास्त असतो. ‘लो-डोस प्रोटोकॉल करणार का?’ असं बेधडक विचारा. त्यात तो साधारण ३-४ मिलिसीव्हर्टच्या (किरणोत्सर्ग मोजायचं माप) आत ठेवता येतो. तुलनेसाठी, माणसाला निसर्गातूनच वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतात. एकदा सीटी करायला घाबरू नका, पण दर कळेला नवी सीटीही नको. खडा खाली सरकला का हे बघायला पुष्कळदा सोनोग्राफी पुरते. गरोदर असण्याची शंका असेल तर टेबलावर चढण्याआधी सांगा.

रक्तासाठी किंवा गाठीसाठी सीटी युरोग्राफी लिहितात. हिच्यात हाताच्या शिरेतून आयोडीनचं कॉन्ट्रास्ट, म्हणजे फोटोत उठून दिसणारं औषध, देतात. म्हणजे एक सुई आलीच, बाकी काही आत जात नाही. तीन फेऱ्या असतात: आधी साधी, मग कॉन्ट्रास्ट किडनीत पोचल्यावर, आणि दहा-पंधरा मिनिटांनी ते लघवीबरोबर नळ्यांतून पिशवीत उतरल्यावर. यासाठी अलीकडचा क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनी कशी चालते ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट हवा. तो विसरलात तर आम्ही परत पाठवतो, आणि शिव्या आम्हाला बसतात. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनच्या गोळ्या चालू असतील, किडनी कमजोर असेल, पूर्वी कॉन्ट्रास्टने अंगावर पित्त उठलं असेल, तर आधी सांगा.

कॉन्ट्रास्ट गेलं की अंगातून गरम लाट जाते आणि हमखास वाटतं की आपल्याला कपड्यातच लघवी झाली. झालेली नसते. मी हे प्रत्येकाला आधी सांगते, तरी निम्मी माणसं मशीनमधूनच ओरडतात, “ताई, सॉरी हां!”

एमआरआय

ही कमी जणांना लागते. गाठ दिसली, आता ती पिशवीच्या स्नायूच्या थरात शिरली आहे का, एवढंच कळायला हवं असतं. त्यावर पुढचे उपचार पार बदलतात. २०१८ पासून यासाठी ‘व्हायरॅड्स’ नावाची १ ते ५ अशी मोजपट्टी आहे. १ म्हणजे स्नायूत शिरल्याची शक्यता अगदी कमी, ५ म्हणजे फार जास्त. एमआरआय गाठ खरवडून काढण्याच्या ऑपरेशनआधीच व्हायला हवी. नंतर करायची तर निदान दोन आठवडे जाऊ द्यावे लागतात, कारण ताजी जखम गाठीसारखी दिसू शकते. म्हणून ऑपरेशनची तारीख आधी आणि एमआरआयची नंतर, असं झालं असेल तर डॉक्टरांना एकदा विचारा.

किरणोत्सर्ग नाही, पण अर्धा-पाऊण तास हालचाल न करता, ढोल-ताशासारख्या आवाजात पडून राहावं लागतं. पिशवी मध्यम भरलेली हवी, तुडुंब नको, कारण मध्येच उठता येत नाही. पेसमेकर, शरीरातला कुठलाही धातू आधी सांगा. मंगळसूत्र, जोडवी काढून ठेवा. साडीच्या निऱ्यांत, ब्लाउजच्या आत लावलेल्या सेफ्टी पिना हमखास विसरल्या जातात. आणि काकांच्या खिशातली चुन्याची डबी.

लहान मुलांचं थोडक्यात: वारंवार ताप आणि लघवीचा संसर्ग असेल तर सुरुवात सोनोग्राफीनेच. एमसीयू, म्हणजे पिशवीत औषध भरून लघवी करताना काढायचा एक्स-रे, लिहिलं असेल तर त्यात कॅथेटर घालावा लागतो, हे आधी ठाऊक असू द्या, म्हणजे मुलाला खोटं सांगावं लागणार नाही.

मुंबईत कुठे

महापालिकेची मोठी हॉस्पिटलं म्हणजे परळचं केईएम, सायन, मुंबई सेंट्रलचं नायर आणि जुहूचं कूपर. भायखळ्याचं जे. जे. राज्य सरकारचं. केस पेपर सकाळी लवकर काढावा लागतो, युरोलॉजीची ओपीडी रोज नसते, आणि सोनोग्राफी, सीटी, एमआरआयला पुढची तारीख मिळते. पैसे वाचतात, वेळ जातो. पुष्कळ जण पहिली सोनोग्राफी बाहेर करून तो रिपोर्ट ओपीडीत नेतात, त्यात चूक काही नाही. कॅन्सर ठरला किंवा दाट शंका असली तर परळचं टाटा मेमोरियल. तिथे जाताना जुना एकही कागद घरी ठेवू नका.

कागद म्हणजे नुसता व्हॉट्सॲपवरचा पीडीएफ नव्हे. सोनोग्राफीच्या फिल्म, सीटी आणि एमआरआयची सीडी मागून घ्या. युरोलॉजिस्ट रिपोर्टची ओळ वाचतो, पण निर्णय फोटो बघून घेतो. पावसाळ्यात फिल्म प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. ओल्या फिल्म एकमेकींना चिकटल्या की सोडवताना चित्र निघून येतं.

नंबर लावायला फोन कराल तेव्हा दर आणि वेळ विचाराच. म्हाताऱ्या माणसाला घेऊन जाणार असाल तर अजून एक विचारा: संडास सोनोग्राफीच्या खोलीपासून किती पावलांवर आहे, आणि त्याची कडी आतून लागते का? फोनवरची मुलगी हसेल. हसू दे. अण्णांच्या दुसऱ्या वेळेस मी हेच विचारूनच सेंटर निवडलं होतं.